शाळा साडेदहाची, भोपळा सहाचा

तिसरी-चौथीची मिळून २१ मुलं, एक खोली आणि मी. वाई तालुक्यातली जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा. परिसर अभ्यासातला वनस्पतींचा भाग या वेळी फळ्यावर न उरकता परसात करायचा, असं मे महिन्याच्या सुट्टीत ठरवलं. नोंदी २०२३च्या खरिपातल्या आहेत. कुणाला आपल्या शाळेत हे करायचं असेल तर माझे घोळ आधी वाचा, निदान दोन महिने वाचतील.

१७ जून, शनिवार

सुरुवातच चुकली. काल वाईहून येताना कृषी सेवा केंद्रातून चवळी आणि लाल भोपळ्याची एकेक पाकिटं घेतली, १२० रुपये. आज वर्गात फोडली तर बिया गुलाबी. पेरणीच्या बियाण्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. पाकिटावर विषाची खूण होती, मी वाचलीच नव्हती. तिसरीतली मुलं बी हातात आली की आधी दाताखाली धरून बघतात. सगळ्यांचे हात साबणाने धुवून घेतले आणि पाकिटं कपाटावर टाकली. फोडलेलं पाकीट दुकानदार परत का घेईल?

आता बिया घरच्याच. पाऊसही अजून नाही, त्यामुळे घाई कशाचीच नाही.

२० जून, मंगळवार

मुलांना सांगितलं होतं, घरात जे पेरलं तर उगवेल असं वाटतं ते मूठभर आणा. आलं ते असं: मटकी, चवळी, हरभरा, अख्खा मसूर, तूरडाळ, कच्चे शेंगदाणे, भाजलेले शेंगदाणे, गहू, ज्वारी, तांदूळ, भात, मिरचीच्या बिया. एकाने रवा आणला. कुणी हसायच्या आत तो म्हणाला, "गव्हाचाच असतोय की." बरोबर आहे. रवाही घेतला.

सतरंजीवर दोन ढीग केले, "उगवणार" आणि "नाही उगवणार". तूरडाळीवरून भांडण लागलं, तांदळावरून त्याहून मोठं. मी उत्तर दिलं नाही. प्रत्येकाचे दहा-दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात, स्टीलच्या ताटलीत. नावाच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या (शाईने लिहू नका, ओलीने पसरते). रवा मोजता येईना म्हणून चमचाभर.

२६ जून, सोमवार

दोन घोळ. पहिला माझा: फडकी वाळू नयेत म्हणून ताटल्यांवर प्लास्टिक ओढून ठेवलं होतं. शुक्रवारी मटकी आणि मसुरावर पांढरी बुरशी, वास थेट व्हरांड्यापर्यंत. मुलांच्या आया रोज मटकीला मोड आणतात आणि एकही प्लास्टिक लावत नाही. हे एका मुलीने सांगितलं तेव्हा काय बोलायचं? "आई भिजवती, मग पाणी काढून टाकती, मग फडक्यात बांधून टांगती." आमचं बी अर्धं पाण्यात होतं आणि वरून हवा बंद. बीलाही श्वास घ्यावा लागतो. ते सांगायला मला बुरशी यावी लागली.

दुसरा घोळ रविवारचा. शनिवारी दुपारी ओलं केलेलं फडकं सोमवारी कडक. उपाय निरांजनावरून सुचला: ताटली वाटीवर ठेवायची, फडक्याची एक पट्टी वातीसारखी खालच्या वाटीतल्या पाण्यात सोडायची. दोन दिवस आरामात ओल टिकते. पुढे कुठेही सुट्टी आली की हीच युक्ती.

बुरशी आलेल्या ताटल्या टाकून पुन्हा मांडल्या. तीन दिवस गेले.

३० जून, शुक्रवार

पाऊस लागला एकदाचा. आकडे फळ्यावर: हरभरा १० पैकी ९, मटकी १०, चवळी ८, कच्चे शेंगदाणे ७, गहू ९, भात ६ (उशिरा), तूरडाळ ०, तांदूळ ०, भाजलेले शेंगदाणे ०, रवा ०. मिरचीने अजून काहीच केलेलं नाही, ती पुढच्या आठवड्यात बघू.

खरी गंमत शेंगदाण्यात झाली. चौथीतल्या एका मुलाच्या हातून एक दाणा सोलताना दोन फाकांत फुटला होता आणि त्याने लपवून दोन्ही फाका फडक्यात ठेवल्या होत्या. एका फाकेला मूळ आलं, दुसरी तशीच. मग सगळ्यांनी भिजलेले दाणे फोडले. एका फाकेला टोकाशी बारीक चोच असते, दुसरीला नसते. चोच असलेली फाक उगवते. लगेच तूरडाळ बघितली, चोच कुठेच दिसेना. डाळ भरडताना, पाखडताना ती निघून जाते. तांदळाचंही तसंच, सडताना टोकाचा बारीक कोंब जातो. भाताच्या दाण्यात तो असतो. "म्हणजे डाळ म्हणजे नुसता डबा," असं एक जण म्हणाला, "जेवणारं पोरगं नाही." फाक म्हणजे शिदोरी, हे मी तीन तास सांगितलं असतं तरी इतकं नीट बसलं नसतं.

रवावाल्याला विचारलं, आता काय वाटतं? म्हणाला, "दळताना चोच दळली गेली."

३ जुलै, सोमवार

भोपळा. २४ जूनला स्वयंपाकघरामागे, भांडी घासायचं पाणी जातं तिथे, चार आळ्यांत घरच्या बिया लावल्या होत्या. मुंगसाच्या कानाएवढी दोन पानं वर आली आणि दोन दिवसांत तीन आळ्यांतली पानं चाळणी. लाल भुंगेरे. आहार शिजवणाऱ्या मावशींनी बघितलं आणि न बोलता चुलीतली राख आणून दिली. सकाळी दव असताना पानांवर राख भुरभुरायची. आज तीन आळ्यांत पुन्हा बिया टोकल्या. राखेचं काम दोन मुलींकडे दिलंय आणि पाऊस पडून गेला की पुन्हा टाकायची, हे त्यांना सांगावं लागत नाही.

२४ जूनलाच दुधाच्या पिशव्यांत चवळीही लावली होती, १२ पिशव्या. माती दोन घमेली, शेणखत एक. अर्ध्या उजेडात व्हरांड्यात, अर्ध्या खोक्याखाली अंधारात. पिशव्यांना भोकं पाडायची राहिली. चार कुजल्या. उरल्या आठ, चार उजेडात, चार अंधारात. उरलेलं बी कुंपणाच्या कडेने टोकून टाकलं.

१४ जुलै, शुक्रवार

आज मी तोंडघशी पडले.

मुलांनी पट्टीने उंची मोजली. उजेडातली चवळी सरासरी ११ सेंटिमीटर, अंधारातली १९. स्तंभ काढून भिंतीवर लावले. निष्कर्ष एकमताने: "बाई, अंधारातलं लई वाढलंय. झाडाला अंधार पाहिजे."

माझ्या तोंडावर "चूक" आलं होतं. पण चूक कुणाची? मोजायला मी उंचीच सांगितली होती. त्यांनी उंचीच मोजली आणि उंचीवरून जे निघतं ते काढलं. अंधारातलं रोप उजेड शोधत लांबतं, शिदोरीतलं सगळं देठावर खर्च करतं. हे त्यांना दिसणार कसं? मी त्यांच्या हातात फक्त पट्टी दिली होती.

तक्ता फाडला नाही. खाली जागा सोडली आणि विचारलं, दोन्हीत आणखी काय काय वेगळं आहे, जे मोजता येईल? पानं मोजली. देठाला दोरा गुंडाळून दोऱ्याची लांबी घेतली. पानाचा रंग "हिरवा, पोपटी, पिवळा" अशा तीन खणांत. मग एकाने विचारलं, "हात लावल्यावर उभं राहतं का पडतं?" हा खणही घातला. तो सर्वांत उपयोगी निघाला.

२० जुलै, गुरुवार

अंधारातली चारपैकी तीन आडवी. चौथी उजेडात आणून ठेवली होती, ती हिरवी व्हायला लागली आहे. तक्त्याखाली मुलांनी लिहिलं: "लांब झालं म्हणजे मोठं झालं असं नाही."

याच आठवड्यात बीशिवाय झाड कसं होतं तेही उरकलं. हा भाग आमच्याकडे सोपा आहे, कारण अर्ध्या घरांत ऊस आणि हळद. उसाची दोन डोळ्यांची कांडी, हळदीचं बेणं, बटाट्याचे तुकडे, पानफुटीची पानं. बटाट्याचे डोळे असलेले तुकडे फुटले, नसलेले कुजले. "आंधळा बटाटा" हा शब्द वर्गात रुजला. पानफुटी तर वहीत दाबून ठेवली तरी कडेच्या खाचांतून पिल्लं काढते, तिला मातीचीही गरज नाही. ऊस उलटा लावला तर काय, असं विचारलं गेलं. लावला. डोळा वळून वर आला. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका, पोरं हे शेतात बघतच असतात.

१६ ऑगस्ट, बुधवार

दुसरा मोठा फज्जा.

फुलाला मधमाशी लागते हे दाखवायचं होतं. कुंपणाकडच्या चवळीला फुलं आली होती. ८ तारखेला सहा कळ्यांवर मच्छरदाणीच्या कापडाच्या छोट्या पिशव्या बांधल्या (कापड ७० रुपये, दोरा १०), सहा कळ्या मोकळ्या ठेवून लाल दोरा बांधला. माझ्या मनातलं उत्तर: पिशवीतल्या फुलांना शेंगा येणार नाहीत.

आज उघडलं. पिशवीत पाच शेंगा, मोकळ्या फुलांना चार.

मुलं खूश, कारण मोठ्या आवाजात सांगण्यासारखं काहीतरी मिळालं: मधमाशीचा काही उपयोग नाही! पुन्हा तेच. त्यांचं उत्तर प्रयोगाला धरून होतं, झाडच मी चुकीचं निवडलं होतं. चवळीचं फूल उमलता उमलता आतल्या आतच स्वतःचे पराग स्वतःच्या स्त्रीकेसराला लावून मोकळं होतं. वाटाणा, घेवडा, गोकर्ण, ही सगळी त्याच जातकुळीची. शेंगवर्गातलं फूल पिशवीत बांधून मधमाशी शिकवायला जाऊ नका. आठ दिवस आणि माझी झोप गेली.

सावरायला मी एवढंच केलं की फळ्यावर लिहिलं, "चवळीला मधमाशी लागत नाही." "चवळीला" या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, भोपळ्याला?

१८ ऑगस्ट, शुक्रवार

भोपळ्याला १२ तारखेपासून फुलं येताहेत, पण सगळी नर. रोज गळतात. मुलं हिरमुसली. मावशी म्हणाल्या, "वांझ फुलं आधी येत्यात, दम धरा." मादी फूल कसं ओळखायचं तेही त्यांनीच दाखवलं: पाकळ्यांखाली सुपारीएवढा भोपळा असतो. नर फुलाखाली नुसता देठ. "वांझ" या शब्दावर मी मुलांशी थोडं बोलले. भोपळा धरतो तो याच फुलांच्या पुडीवर.

आता खरी अडचण. आमची शाळा साडेदहाला भरते. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि नऊ-साडेनऊला मिटायला लागतं, ते कायमचंच. मादी फुलाला आयुष्यात ती एकच सकाळ. मी आठवडाभर मुलांना अकरा वाजता मिटलेली फुलं दाखवत होते आणि मधमाश्या कुठे गेल्या म्हणून विचारत होते.

शनिवारी शाळा सकाळची असते. म्हणजे भोपळ्याचा तास शनिवारीच.

२६ ऑगस्ट, शनिवार

काल संध्याकाळी शाळा सुटताना वेलावर शोधलं. उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी पडलेली असते, हिरवी कळी उद्याची नाही. अशा चार मादी कळ्या सापडल्या. चारींचं तोंड दोऱ्याने हलकंच बांधलं. नर कळ्याही तीन बांधल्या, नाहीतर सकाळी सातेरी मधमाश्या आधीच पूड घेऊन जातात.

आज ७ वाजून ४० मिनिटांनी सगळे वेलाभोवती. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधली पिवळी दांडी मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायची, फूल पुन्हा बांधायचं. दोन फुलांना मुलांनी लावलं, दोन बांधून तशीच ठेवली. बाजूला मोकळ्या फुलावर माश्या येत होत्या, एका फुलावर आठ मिनिटांत सहा फेऱ्या मोजल्या. एका मुलीच्या नाकावर पिवळी पूड लागली, तिला दिवसभर सगळ्यांनी मधमाशी म्हटलं.

दूध घालून परतणारे एक पालक कुंपणाशी थांबले. "बाई, भोपळ्याचं लगीन लावताय व्हय?" मुलांना हे इतकं आवडलं की परागीभवन हा शब्द मला स्वतःहून पुन्हा पुन्हा आणावा लागला.

२ सप्टेंबर, शनिवार

पाऊस गायब. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, असं हवामान खात्याने जाहीर केलंय. आमच्या वेलाला ते आधीच कळलं होतं. दुपारी पानं माना टाकतात. प्रत्येकाच्या बाटलीतलं उरलेलं पाणी आळ्यात, असा नियम केला. एक गोष्ट मात्र चांगली झाली: पावसात फुलातली पूड भिजून वाया जाते, ती भीती राहिली नाही.

आज आणखी चार फुलं, पुन्हा दोन-दोन. गेल्या शनिवारच्या हात लावलेल्या दोन्ही धरल्या आहेत, एक लिंबाएवढी, एक मोठ्या पेरूएवढी. बांधून ठेवलेल्यांतली एक पिवळी पडून गळली. दुसरी धरली आहे!

ती धरायला नको होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पण माझ्याकडेच बघत होते.

५ सप्टेंबर, मंगळवार

उलगडा झाला. मधल्या सुट्टीत तिसरीतला एक मुलगा पाण्याच्या टाकीपाशी मला गाठून म्हणाला, त्या शनिवारी दोरा त्याने सोडला होता. आत मुंगी अडकली असेल असं त्याला वाटलं. बघितलं, मुंगी नव्हती, मग पुन्हा बांधला. किती वेळ उघडं होतं? "थोडाच. एक माशी आलती."

एक माशी पुरली असेल की आणखीही येऊन गेल्या, ते कळायला आता मार्ग नाही. तो रडायच्या बेतात होता. वर्गात त्याचं नाव न घेता मी एवढंच सांगितलं की तो दोरा मध्ये सुटला होता. पण तोच उभा राहिला आणि सगळं स्वतः सांगितलं. तक्त्यात त्या फळापुढे मुलांनी प्रश्नचिन्ह काढलं. आकडा ना इकडे धरला, ना तिकडे.

१३ सप्टेंबर, बुधवार

शेवटचा हिशेब: हाताने पूड लावलेली ४, धरली ३. बांधून ठेवलेली ४, गळली ३, एक प्रश्नचिन्ह. मोकळी सोडलेली ३, धरली २. हात लावूनही एक का गळलं? वेलावर आधीच फळं होती आणि पाणी कमी, माझा अंदाज एवढाच. मुलांना मी "अंदाज" असंच सांगितलं.

फुलाचे भाग दाखवायला जास्वंद आणा म्हटलं तर सात जणांनी गेंदेदार, भरगच्च पाकळ्यांची आणली. तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, शोधत बसलो. साधी पाच पाकळ्यांची मागा. आणि गणपतीच्या तोंडावर तर मागूच नका, एकही आई देत नाही.

७ ऑक्टोबर, शनिवार

बिया कशा पसरतात, यासाठी गावाबाहेरच्या माळावर. जुने लोकरी मोजे चपलांवरून चढवून अर्धा तास चाललो. मोज्यांना आघाडा, कुसळं, गोखरू. रुईच्या फळातून म्हाताऱ्या उडवल्या, पण फळ मीच तोडलं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. तेरडा गौरीनंतर आता बोंडांवर आलाय, हात लावला की फुटतो. तिथून मुलांना हलवायला वीस मिनिटं लागली.

सर्वांत भाव खाल्ला कुसळाने. वाळलेलं कुसळ पिळलेल्या सुतळीसारखं असतं. तळहातावर ठेवून थेंबभर पाणी टाकलं की पीळ सुटतो आणि ते घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. असंच ओल-ऊन खात ते स्वतःला मातीत रुतवतं. पाण्याची बाटली बरोबर न्या, आमची मुलं थुंकीवर आली होती.

एक मोजा तसाच घमेल्यात मातीखाली पुरला. वात लावून ठेवली आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार

२६ ऑगस्टची दोन फळं तोडली, ४९ दिवसांची. देठ वाळला होता, नख लागत नव्हतं. शाळेच्या तागडीवर एक ३ किलो ४००, दुसरं १ किलो ६०० आणि एका बाजूने आत गेलेलं, वाकडं.

कापलं. बिया दहा-दहाच्या ढिगांत, चौथीने मोजल्या, तिसरीने तपासल्या. मोठ्यात २८७. वाकड्यात ९४, आणि आत गेलेल्या बाजूला नुसत्या पोकळ पापड्या. कुणी पूड लावली होती हे मुलांना बरोबर आठवत होतं. दोघींना हसू फुटलं: "आम्ही भीत भीत लावलं, एकाच बाजूनं." पूड जिथे पोचली नाही तिथे बी भरलं नाही, आणि बी नाही तिथे गर फुगला नाही. हे माझ्या शिकवायच्या यादीत नव्हतंच.

गराचे मावशींनी घारगे केले. गूळ आणि कणीक ९० रुपये. एकूण खर्च २९०, त्यातले १२० त्या गुलाबी पाकिटांचे.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मोज्यातून गवताची पाच पाती आली. आघाडा अजून नाही.

मोठ्या भोपळ्याच्या बिया राख चोळून सावलीत वाळवल्या, प्रत्येकाला दहा दिल्या. वाकड्याच्या बिया वाटताना अडलं. वाकड्या भोपळ्याच्या बियांतून वाकडेच भोपळे येतील का? हात वर करायला सांगितलं: ११ हो, १० नाही. त्या ९४ वेगळ्या बाटलीत भरल्या, झाकणावर "वाकडा, जूनमध्ये लावणे" अशी चिठ्ठी. पेन्सिलीने.